पाथरीचे वतन आणि अहमदनगरचे तख्त

मानवतच्या तहसील कार्यालयासमोर गेली काही वर्षे एक दृश्य वारंवार दिसते. झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर घरातले म्हातारे माणूस बसलेले असते आणि शेजारी नातू कोऱ्या कागदावर नावे उतरवून घेत असतो. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. मध्येच म्हातारा अडतो, डोळे मिटतो, बोटांवर काही मोजतो आणि म्हणतो, "थांब, त्याच्या आधी थोरल्याचं नाव लिही, तो निपुत्रिक गेला." मग कागदावर एक छोटी रेघ निघते आणि तिथेच संपते. जातीच्या दाखल्याला वंशावळ जोडावी लागते. तिला आधार म्हणून निजामकाळातला एखादा कागद, १९५४-५५ चे खासरा पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, असे काहीतरी शोधावे लागते. चार पिढ्यांपूर्वी गेलेला माणूस अचानक घरात महत्त्वाचा होतो.

हे दृश्य पाहिले की मला दर वेळी पाथरी आठवते. मानवतहून निघालो तर अर्ध्या तासात आपण पाथरीत असतो. दोन्ही बाजूंना काळी रानं, कापूस, आणि दक्षिणेला गोदावरीचे खोरे. पाचशे वर्षांपूर्वी याच पाथरीतल्या एका कुलकर्णी घराण्याच्या वंशावळीने सुलतानांच्या फौजा हलवल्या. अहमदनगर आणि वऱ्हाड ही दोन राज्ये तिच्यापायी लढली, गोवळकोंडा, बीदर आणि खानदेश त्यात ओढले गेले, आणि शेवटी गुजरातचा सुलतान दख्खनेत उतरला. आपल्या जिल्ह्यात ही कथा घरोघरी माहीत असायला हवी होती. म्हणून ती सविस्तर सांगतो.

भैरवाचा मुलगा

ही हकीकत आपल्यापर्यंत पोचवली ती मोहम्मद कासिम फरिश्ता या इतिहासकाराने. फरिश्ता मूळचा इराणकडचा. लहानपणीच बापाबरोबर अहमदनगरला आला, निजामशाही दरबारात वाढला, राजवाड्याच्या पहाऱ्यावर नोकरीला होता. १५८९ मध्ये त्याने अहमदनगर सोडले आणि विजापुरात इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने दख्खनचा मोठा इतिहास लिहिला. निजामशहांच्या घरातल्या गोष्टी त्याने त्या घराच्या उंबऱ्याशी राहून ऐकलेल्या होत्या.

फरिश्ता सांगतो की निजामशाहीचा मूळपुरुष ब्राह्मण होता. त्याचे नाव तिमाप्पा. मराठी लेखक त्याला तिमाभट असेही लिहितात. त्याच्या बापाचे नाव भैरव. अहमदशाह बहमनीच्या फौजेने विजयनगरच्या मुलखात स्वारी केली, तेव्हा हा मुलगा लहान वयात कैदी म्हणून हाती लागला. त्याला मुसलमान करण्यात आले, हसन हे नाव मिळाले आणि सुलतानाच्या गुलामांत त्याची भरती झाली. मुलगा हुशार होता. सुलतानाने त्याला राजपुत्राच्या सोबतीला दिले आणि राजपुत्राबरोबर तोही फारसी-अरबी शिकला. लोक त्याला बापाच्या नावावरून हसन भैरव म्हणत. राजपुत्राच्या तोंडी भैरवचे 'बहिरी' झाले आणि तेच नाव चिकटले. दुसरे मत असे की बहिरी म्हणजे ससाणा, आणि हसन एके काळी शाही ससाण्यांचा रखवालदार होता म्हणून त्याला बहिरी म्हणू लागले.

मराठी माणसाला या दोन मतांत निवड करताना अडचण पडते, कारण आपल्या भाषेत दोन्ही शब्द नांदतात. भैरवाचा आपण बहिरोबा करतो, आणि आकाशातून झेप घेणाऱ्या पक्ष्यालाही बहिरी ससाणाच म्हणतो. पुढे निजामशाही तख्तावर बसलेल्या सुलतानांनी 'बहिरी' हे उपपद अभिमानाने मिरवले. ते उच्चारताना दरबाराला ससाणा दिसत असेल. फरिश्त्याचे खरे धरले तर त्या शब्दात एका भैरवभटाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या जिवंत होते.

हसनची चढती कमान थांबली नाही. तेलंगणाची सुभेदारी मिळाली, निजाम-उल्-मुल्क हा किताब मिळाला. बहमनी राज्याचा थोर वजीर महमूद गावान याच्याविरुद्ध कट झाला, त्यातही हसन होता. १४८१ मध्ये गावानचा शिरच्छेद झाल्यावर राज्याची सूत्रे हसनच्या हाती आली. पाच वर्षांनी बीदरमध्ये त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरकडे होता. बापाचा किताब त्याने पुढे चालवला, १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला आणि १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवले. एका कैदी मुलाचा मुलगा राज्याचा धनी झाला होता.

एका घराच्या दोन वंशावळी

घराणे राजघराणे झाले की त्याला शोभेल असा पूर्वज हवा असतो. निजामशाहीलाही तो लागला. १५९० च्या दशकात दुसऱ्या बुरहान निजामशाहाच्या दरबारी सय्यद अली तबातबा याने 'बुर्हाने मआसिर' हा इतिहास लिहिला. त्यात मलिक अहमद हा हसनचा मुलगा राहत नाही, तो खुद्द बहमनी सुलतानाचा मुलगा ठरतो. आता बहमनी सुलतान स्वतःला इराणच्या प्राचीन राजांपैकी बहमन याचे वंशज म्हणवीत. म्हणजे तबातबाच्या कागदावर अहमदनगरच्या गादीचे मूळ थेट इराणच्या वीरकथांपर्यंत पोचले.

फरिश्त्याच्या कागदावर हेच मूळ पाथरीच्या कुलकर्ण्याच्या ओसरीवर येऊन थांबते. तो म्हणतो, या घराण्याचे पूर्वज पाथरीचे वंशपरंपरागत कुलकर्णी होते. काही कारणाने त्यांनी गाव सोडले आणि ते विजयनगरकडे जाऊन राहिले. तिथूनच तिमाप्पा पकडला गेला. पुढे आपल्याच रक्ताचा माणूस अहमदनगरच्या गादीवर बसल्याचे कळले तेव्हा भाऊबंद अहमदनगरला आले आणि त्यांनी सुलतानाला आपल्या जुन्या वतनाची आठवण दिली.

यातली कोणती वंशावळ खरी, याचा निवाडा निजामशाहांच्या वागण्यातूनच होतो. इराणच्या बहमनासाठी अहमदनगरच्या फौजेने कधी कूच केले नाही. पाथरीसाठी मात्र केले.

कुलकर्ण म्हणजे काय

आजच्या वाचकाला प्रश्न पडेल की राज्याच्या धन्याला कुलकर्ण्याच्या वतनाचे एवढे काय? कुलकर्णी म्हणजे गावचा हिशेबनीस. कोणाची किती जमीन, कोणी किती सारा भरला, कोणाकडे किती बाकी, हे सगळे त्याच्या दफ्तरात. कमरेला दऊत-लेखणी, घरी रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे. मिळकत बेताची, सालिना हक्क ठरलेले, काही इनाम जमीन. सुलतानाच्या खजिन्यापुढे ही मिळकत काहीच नाही.

पण वतनाची किंमत रुपयांत होत नसे. राजे आले, गेले. कुलकर्णी तोच राही. नव्या राजालाही गावचा पहिला हिशेब त्याच्याच दफ्तरातून घ्यावा लागे. सुलतानाने दिलेला किताब सुलतानाची मर्जी फिरली की जाई. वतन मात्र बापाकडून मुलाकडे येई, सगळ्या भावांत त्याच्या तक्षिमा पडत, आणि गावाच्या साक्षीने ते कबूल होई. वतनाचा तंटा उभा राहिला की गोत बसे, जुनी माणसे साक्षीला येत, प्रत्येक पक्ष आपल्या घराची हकीकत लिहून देई. तिलाच करीना म्हणत. मराठी घराण्यांच्या जुन्या वंशावळींपैकी कितीतरी अशा तंट्यांतून लिहिल्या गेल्या आहेत.

इंग्लंडच्या सरदार घराण्यांशी याची तुलना करण्याजोगी आहे. तिथे १८२६ पासून बर्क नावाच्या गृहस्थाने सुरू केलेला वंशावळींचा जाडजूड ग्रंथ निघतो आणि त्यात प्रत्येक किताबाची पिढीजात नोंद असते. किताब एकट्या थोरल्या मुलाला जातो, धाकटे त्यावाचून राहतात. आणि किताबात ज्या मुलखाचे नाव असते तिथे ते घर असेलच असे नाही. डेव्हनशरच्या ड्यूकांचा वाडा डेव्हनशरमध्ये नाही, तो डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला आहे. तिकडे गावाचे नाव किताबाबरोबर कुठेही जाऊ शकते. आपल्याकडे वतन गावाच्या शिवेबाहेर नेता येत नसे. विजयनगरला गेलेल्या कुलकर्ण्याला पाथरीचा हक्क सोबत नेता आला नाही. तो हक्क परत मिळवायचा तर पाथरीलाच यावे लागत होते.

वतन हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ जन्मभूमी, मूळ ठिकाण. आपण मराठीत त्याला वंशपरंपरेच्या हक्काचा अर्थ दिला. मलिक अहमदचा मुलगा पहिला बुरहान निजामशाह याच्या मनात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी होते, असे मला वाटते.

अदलाबदलीचे पत्र

मलिक अहमद १५१० च्या सुमारास वारला तेव्हा त्याचा मुलगा बुरहान अवघा सात वर्षांचा होता. कारभार मुकम्मल खान दखनी पाही. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती आणि गादीवर अलाउद्दीन इमादशाह होता. मुकम्मल खानाने त्याला पत्र लिहिले: पाथरी आमच्या धन्याचे पूर्वजांचे ठिकाण आहे, ते आम्हाला द्यावे, बदल्यात याहून जास्त उत्पन्नाचा परगणा आम्ही देतो.

या पत्रात मला सगळ्या कथेचे सार दिसते. अधिक उत्पन्न सोडून कमी उत्पन्न मागणारे पत्र कोणत्याही राज्याच्या दफ्तरात विरळाच.

इमादशाहाने नकार दिला आणि पाथरीचा कोट मजबूत करायला घेतला. गंमत अशी की नकार देणाऱ्याची वंशावळही फार वेगळी नव्हती. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मण मुलगा, तोही लढाईत पकडलेला, तोही मुसलमान होऊन बहमनी चाकरीत वाढलेला. मेळघाटातल्या गाविलगडाच्या दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड, विजयनगरच्या मुलखाला ओळखीचा असलेला तो दोन डोक्यांचा पक्षी, आजही पाहायला मिळतो. दोन्ही घराण्यांचे मूळपुरुष एकाच वाटेने आले होते. एकाने दारावर जुन्या मुलखाची खूण कोरून ठेवली, दुसऱ्याच्या नातवाला जुने गावच परत हवे होते.

१५१८ मध्ये निजामशाही फौज अचानक पाथरीवर आली आणि तिने कोट घेतला. बुरहान तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. नऊ वर्षांनी, १५२७ मध्ये, अलाउद्दीन इमादशाहाने गोवळकोंड्याच्या सुलतान कुली कुतुबशाहाची मदत घेऊन पाथरी परत मिळवली. आता बुरहान स्वतः निघाला. बीदरचा अमीर बरीद त्याच्या बाजूला होता. वेढा पडला, तोफा चालल्या, पाथरी पडली. बुरहानने तिथला कोट जमीनदोस्त केला.

त्यानंतर त्याने काय केले, ते महत्त्वाचे आहे. फरिश्ता लिहितो की बुरहानने पाथरी आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली आणि पुढे अकबराच्या काळापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या ती त्यांच्याकडे राहिली.

काही अभ्यासक म्हणतील, पाथरी हा गोदेच्या खोऱ्यातला सुपीक परगणा, सरहद्दीवरचा, अहमदनगरला तो हवा असणारच, पूर्वजांचे नाव हे निमित्त. सरहद्दीचा हिशेब बुरहानच्या मनात नव्हता असे मीही म्हणणार नाही. पण सरहद्दीसाठी घेतलेल्या ठाण्याचा कोट कोणी पाडत नाही, आणि उत्पन्नासाठी घेतलेला परगणा कोणी नात्यातल्या भटांना दान देत नाही. कोट पाडून गाव भाऊबंदांच्या हाती देणारा माणूस लढाईपेक्षा घराचा विचार करत होता.

गुजरातचा सुलतान आणि शाह हा शब्द

प्रकरण इथे मिटले नाही. बुरहानने माहूरही घेतले आणि एलिचपूरकडे मोर्चा वळवला. इमादशाह खानदेशात बुऱ्हाणपूरला गेला, तिथल्या मिरान मोहम्मदाची मदत घेऊन लढला, हरला. मग दोघांनी गुजरातच्या बहादूरशाहाकडे धाव घेतली. १५२८ मध्ये बहादूरशाह मोठी फौज घेऊन दख्खनेत उतरला. अहमदनगर आणि वऱ्हाड दोन्हीकडे खुतबा त्याच्या नावाने वाचला गेला. बुरहानला तहात पाथरी आणि माहूर परत देण्याचे कबूल करावे लागले. बहादूरशाहाची पाठ वळताच तो शब्द तसाच राहिला. माहुराची, हत्तींची, पैशाची बोलणी होऊ शकत होती, पाथरीची नाही.

पुढे बहादूरशाहाने माळवा जिंकल्यावर बुरहान त्याला बुऱ्हाणपुरात भेटला. त्याचा सल्लागार शाह ताहिर याने ही भेट जुळवली होती. या भेटीत बहादूरशाहाने बुरहानला राजछत्र दिले आणि त्याला निजामशाह म्हणून हाक मारली. तोवर अहमदनगरचे धनी पदवीने निजाम-उल्-मुल्क होते, आणि तो वजिराचा किताब. दुसऱ्या सुलतानाने शाह म्हटले तेव्हा त्या शब्दाला वजन आले.

बुरहानच्या आयुष्यातल्या या दोन मिळकती शेजारी ठेवून पाहाव्यात. शाह ही पदवी एका परक्या राजाच्या तोंडून मिळाली, भर दरबारात. पाथरीचे वतन कोणी देऊ शकत नव्हते. ते पणजोबाचे होते, ते ओळखावे लागत होते, आणि त्यासाठी त्याने तलवार उचलली.

नातीच्या काळात

बुरहान १५५३ मध्ये वारला. त्याचा मुलगा हुसेन निजामशाह १५६५ मध्ये विजयनगरच्या रामरायाविरुद्ध उतरलेल्या सुलतानांत आघाडीवर होता. ज्या मुलखातून पणजोबाला कैद करून आणले त्याच राज्याचा पाडाव करायला पणतू गेला. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशाहाने सगळे वऱ्हाड जिंकून इमादशाही संपवली. पाथरीवर हक्क सांगणारे दुसरे घरच उरले नाही.

हुसेनची मुलगी चांदबिबी. मराठी घरांत चांदबिबीचे नाव ठाऊक नाही असे माणूस सापडणे कठीण. अहमदनगरच्या तटावर तलवार घेऊन उभी राहिलेली, रात्रीत खिंडार बुजवून घेणारी. फरिश्त्याच्या वंशावळीत पाहिले तर तिचा आजा बुरहान, पणजा अहमद, खापरपणजा हसन, आणि त्याचा बाप पाथरीकर भैरव. पाथरीच्या कुलकर्ण्याची ही सहावी पिढी होती.

१५९५-९६ च्या वेढ्यात तिने अहमदनगर राखले. पण तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. आता वऱ्हाड म्हणजे कुठपर्यंत? मोगल अधिकाऱ्यांनी पाथरीही ताब्यात घेतली. दख्खनी म्हणाले, पाथरी वऱ्हाडात मोडत नाही, ती अहमदनगरची. वाद पुन्हा त्याच गावावर आला. इमादशाहीच्या जुन्या हिशेबाने पाथरी वऱ्हाडची होती. बुरहानने १५२७ मध्ये केलेल्या दानाने ती अहमदनगरची झाली होती.

अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंडा एकत्र आले. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदाकाठी आष्टीजवळ, पाथरीहून काही कोसांवर, विजापूरचा सुहेल खान आणि मोगलांचा खानखानान समोरासमोर ठाकले. लढाई पहिल्या दिवशी अंधार पडला तरी निकाली निघाली नाही, दोन्ही फौजा रणातच रात्रभर बसून राहिल्या. मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अली खान तिथेच मारला गेला. दुसऱ्या दिवशी दख्खनी फौज मोडली. मोगलांच्या 'ऐने अकबरी'त पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातले सरकार म्हणून नोंदले आहे. १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. तिच्या शेवटच्या बाळराजाला गादीवर बसवून झुंजणारे शहाजीराजे भोसले हेही त्याच दरबारात वाढलेले सरदार होते.

रेघ कुठे संपते

तख्त गेले, छत्र गेले, बहिरी हा किताब उच्चारणारे कोणी राहिले नाही. कुलकर्णी वतनेही कायद्याने गेली. जुन्या मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ती संपली, आपल्या हैदराबाद राज्यात १९४९ मध्ये जहागिरी संपल्या, आणि पिढीजात पाटील-पटवाऱ्यांच्या जागी कालांतराने सरकारी तलाठी आला. हे योग्यच झाले. जन्माने मिळणाऱ्या हक्काखाली दबलेली माणसे याच गावांत होती, आणि त्यांच्या वंशावळी लिहायला कोणाकडे दऊत नव्हती, दफ्तरही नव्हते. तहसीलसमोर नातवाला नावे सांगणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांची वंशावळ म्हणूनच तीन पिढ्यांपलीकडे जात नाही.

तरी आपण अनोळखी माणसाला भेटलो की पहिल्या चार वाक्यांत एक प्रश्न विचारतोच: "तुमचं मूळ गाव कोणतं?" उत्तर देणारा पुण्यात जन्मलेला असो की औरंगाबादेत वाढलेला, तो क्षणभर थांबतो आणि ज्या गावात त्याचे घर नाही, शेत नाही, त्या गावाचे नाव सांगतो. बुरहान निजामशाहालाही हाच प्रश्न पडला होता. त्याच्या घराण्याची दोन उत्तरे होती. एक पुढे दरबाराने पसंत केलेले, दुसरे भाऊबंदांनी आठवण करून दिलेले. त्याने पाथरी म्हटले.

म्हणून त्या पायरीवर बसलेल्या आजोबांजवळून जाताना मी आता थोडा थांबतो. त्यांचा नातू कागदावर रेघा ओढत असतो. सगळ्यात वर, जिथे आठवण संपते, तिथे एक नाव एकटेच उभे असते. त्याच्या पुढे म्हातारा बोट टेकवतो आणि म्हणतो, "आन्‌ इथं गावाचं नाव घाल."

नातू ते लिहितो.